निळ्या सुटाचा हेवा

मित्रांनो, किलनामारा गावातल्या न्हाव्याच्या दुकानात दाराआडच्या खिळ्यावर लटकणारा मी एक जुना काळा ओव्हरकोट आहे. गोष्ट सांगण्याआधी एक कबुली देतो. मी फार हेवा करणारा कोट आहे. जन्मभर एका कंदिलाचा हेवा केला आणि गेल्या वर्षापासून एका निळ्या सुटाचा करतो आहे.

माझा जन्म समोरच्याच हेशन शिंप्याकडे झाला. बँकेतल्या एका साहेबांनी मला शिवायला टाकलं होतं. कापड जाड, लोकरीचं, आमच्याकडच्या पावसाला दाद न देणारं. पण अस्तराचं काळं कापड संपलं आणि हेशनने चर्चच्या झग्यांतून उरलेलं लालभडक रेशीम आतून लावलं. साहेबांनी मला उघडून पाहिलं. "मी बँकेत जातो, सर्कशीत नाही," एवढंच म्हणाले आणि पुन्हा आले नाहीत. मी दोन वर्षं हेशनच्या खिडकीत उभा राहिलो. आमच्याकडे ऊन जेमतेम, तरी माझा डावा खांदा विटला.

रस्त्यापलीकडे मॅलकी टॅन्सीचं दुकान होतं. गिऱ्हाइकांचे केस कापता कापता तो माझ्याकडे बघत असे. एक दिवस हाताला साबणाचा फेस तसाच ठेवून तो रस्ता ओलांडून आला.

"हेशन, तो आतून लाल असलेला कोट अजून आहे ना?"

"आहे की. पण गावात कोण घालणार तो?"

"कोणी घालणार नाही, म्हणून तर हवाय."

अशा रीतीने मी मॅलकीचा झालो.

मॅलकी म्हणे, खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं हातात धरलं की तो हमखास भुतांच्या गोष्टी सांगायला लागतो. त्या गोष्टी जमवून त्याने ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, हॅलोवीनच्या दिवसांत, भुतांची फेरी सुरू केली. संध्याकाळी सहाला दुकानापासून निघायचं, पुलावरून गिरणीच्या बोळात, तिथून कबरस्तानाच्या भिंतीकडेने नदीकाठच्या शेतात. गिरणीच्या बोळात आम्ही ओले रबरी हातमोजे सुतळीला बांधून नेमके चेहऱ्याच्या उंचीवर टांगायचो. कबरस्तानात एका घंटेला दोरा होता. मॅलकीचा दोस्त फेस्टी नळाची कामं करायचा. तो शेताच्या फाटकाआड बसून सांडपाण्याच्या पाईपातून असा काही विव्हळायचा की शहरातून आलेली धट्टीकट्टी माणसं एकमेकांचे हात धरायची.

फेरीचा शेवट मात्र माझा होता. त्या शेतात चकवा लागतो, ही आमच्याकडची फार जुनी समजूत आहे. एका ठरावीक जागी पाय पडला की समोरचं फाटकही माणसाला सापडत नाही. उपाय एकच, अंगातला कोट काढून उलटा घालायचा. मॅलकी सगळ्यांना अंधारात चार चकरा मारायला लावी आणि मग गंभीरपणे सांगे, "मंडळी, चकवा लागला. कोट उलटे करा." दुकानदार, शाळामास्तर, परगावचे पाहुणे, सगळे हसत हसत कोट उलटे करत. शेवटी मॅलकी मला उलटा करी, आणि काळ्या शेतात एकदम लाल रंग पेटे.

पण तो रंग दिसे मॅलकीच्या हातातल्या कंदिलाच्या उजेडात. त्यामुळे श्रेय कंदिलाला. वर्तमानपत्रात फोटो आला तर त्याखाली 'टॅन्सी आणि त्यांचा रेल्वेचा जुना कंदील' असं छापलेलं. मॅलकीचं घर दुकानाला लागूनच मागच्या खोलीत; तिथे तो शेगडीवरच्या फळीवर बसे, दर रविवारी त्याचं पितळ घासलं जाई. मी दाराआड. पावसात भिजायचो मी, मिरवायचा तो. मित्रांनो, हे सोसणं सोपं नसतं.

मॅलकीला एकच मुलगी, ब्रोना. आठ वर्षांची असल्यापासून ती फेरीला येई. अंधारात हरवू नये म्हणून ती माझ्या पाठीवरचा पट्टा मुठीत धरून चाले. कंदिलाला तिने कधी हात लावला नाही, तो गरम असे. एवढ्या एका बाबतीत मी त्याच्या वरचढ होतो. पुढे ती समुद्रापलीकडे लीड्सला ग्रंथालयात नोकरीला लागली, तरी दर ऑक्टोबरात बोटीने घरी यायची.

गेल्या फेब्रुवारीत मॅलकी गेला. ब्रोना आली आणि त्याला कोणते कपडे घालायचे ते ठरवायला कपाटापुढे उभी राहिली. आत तो निळा सूट होता. मॅलकीने तो उभ्या आयुष्यात तीनदा घातला असेल. ब्रोनाने तो काढला, ब्रशने झटकला, खांद्यावरचं धाग्याचं टोक कापलं. मी खिळ्यावरून पाहत होतो. मला वाटलं, आधी सूट आवरते आहे, मग माझ्याकडे येईल. तेवीस वर्षांचे ऑक्टोबर मी त्याच्या पाठीवर काढले होते. पण ती सूट घेऊन बाहेर गेली आणि दार माझ्यावर लोटलं गेलं. तीनदा घातलेला सूट त्याच्याबरोबर कबरीत गेला. त्या दिवशी मला कंदिलाचा हेवा अगदीच किरकोळ वाटला.

ऑक्टोबर आला तेव्हा फेस्टी दुकानात आला. ब्रोना टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"काय गं, यंदा फेरी काढायची ना?"

"काढू, फेस्टीकाका. पण ही शेवटची. नोव्हेंबरात दुकान बंद करून किल्ली देऊन टाकणार आहे."

"बरं. कोट घालणार ना पण?"

"नाही. गॉलवे शहरातून झगा भाड्याने आणलाय."

"मग हा मला दे. शेतात बिनडोक्याचं बुजगावणं उभं करतो. फेरी संपली की शेकोटीत टाकू. गावाला तेवढीच गंमत."

ब्रोनाने हातातल्या टॉवेलाची घडी पूर्ण केली. मग मागे न बघताच म्हणाली, "घेऊन जा."

फेस्टी वाईट माणूस नव्हता. जुना दोस्त शेवटच्या फेरीत कुठे तरी असावा, एवढंच त्याला वाटलं असणार. त्याने दोन झाडूंच्या दांड्यांचा क्रूस केला, माझ्यात पेंढा कोंबला आणि मला शेताच्या मध्यावर फाटकाकडे तोंड करून उभं केलं. फाटकापलीकडे शेकोटीसाठी रचलेली लाकडं मला स्पष्ट दिसत होती. झग्याला फेरी मिळाली, कंदिलाला हात मिळाला, सुटाला मॅलकी मिळाला. माझ्या वाट्याला ती लाकडं होती.

संध्याकाळी नदीवरून धुकं चढलं. आधी ती लाकडं गेली, मग फाटक गेलं, मग माझ्या स्वतःच्या बाह्याही मला दिसेनाशा झाल्या. आवाज तेवढे येत होते. ब्रोना छान सांगत होती. चकव्याची गोष्ट झाली, चार चकरा झाल्या, लोकांनी कोट उलटे केले. मग तिचा आवाज थांबला.

"जरा थांबा," ती म्हणाली. "मला फाटक सापडत नाहीये."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"मी खरंच सांगतेय. आपण वाट चुकलोय."

"वा," कोणीतरी म्हणालं, "बापाच्या वरताण आहे ही."

तेवढ्यात फेस्टीने पाईप तोंडाला लावला. धुक्यात ते विव्हळणं चारी बाजूंनी आल्यासारखं वाटत होतं.

"काका, ते बंद करा," ब्रोना ओरडली. "नुसती हाक मारा. कुठे आहात तुम्ही?"

फेस्टीला वाटलं, हा खेळातलाच नवा भाग आहे. तो दुप्पट जोराने विव्हळला. लोक पोट धरून हसले. त्या शेताच्या कडेला नदी आहे आणि तिला कठडा नाही, हे त्या क्षणी फक्त ब्रोनाच्या आणि माझ्याच ध्यानात होतं. तिने कंदील वर धरला, तर धुक्याची पांढरी भिंत आणखीच पांढरी झाली. कंदिलाला त्या दिवशी काही सुचेना. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

लोकांना एकमेकांचे हात धरायला सांगून ती एकेक पाऊल चाचपत पुढे येत होती. अशी ती माझ्यापाशी आली, ती मागच्या बाजूने. कंदिलाच्या उजेडात तिला एक पाठ दिसली, डावा खांदा विटलेली. ती जागच्या जागी उभी राहिली. मागचं हसणंही थांबलं, कारण गावातल्या सगळ्यांनी ती पाठ ओळखली होती. ब्रोनाचा हात पुढे आला आणि माझ्या पट्ट्यावर बसला.

बेकरीवाली डिम्फना आजी उलटा घातलेला कोट सावरत पुढे झाली. "ब्रोना, तू तुझा उलटा नाही केलास?"

ब्रोनाने झगा काढून उलटा करून पाहिला. दोन्हीकडून तोच काळा प्लास्टिकचा. "याला आतलं-बाहेरचं नाहीच आहे, आजी."

"मग बापाचा घाल की. आम्हाला सगळ्यांना उलटे करायला लावलेस आणि स्वतः तशीच राहिलीस. चकवा सुटेल कसा?"

ब्रोनाने माझी बटणं काढली, आतला पेंढा मुठीमुठीने उपसला, मला दांड्यांवरून उतरवलं, उलटं केलं आणि अंगात घातलं. बाह्यांत तिचे हात बुडाले. तिला माझ्यातला केसांच्या तेलाचा आणि घासलेटाचा वास आला असणार, कारण तिने कॉलर तोंडाशी धरली. मग तिने दांड्यांकडे पाहिलं.

"फेस्टीकाका भूत उभं करतात ते येणाऱ्यांकडे तोंड करून," ती म्हणाली. "याची पाठ आपल्याकडे होती, म्हणजे फाटक पुढे, इकडे आहे. हात सोडू नका."

सतरा पावलांवर फाटक होतं.

शेकोटी पेटली होती. फेस्टी पाईप काखेत मारून खुशीत उभा होता. "काय रंगवलंस गं. पण माझं बुजगावणं कुठंय?" मग त्याने तिच्या अंगावरचा लाल रंग पाहिला. "अगं, तो जाळायचा होता ना?"

"नाही जाळायचा."

फेस्टी तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. "एक विचारू? तेव्हा सगळं गाव विचारत होतं. मॅलकीला याच कोटात का नाही ठेवलंस? त्या सुटात बिचारा खटला हरलेल्या वकिलासारखा दिसत होता."

ब्रोना हसली. फेब्रुवारीनंतर मी तिला प्रथमच हसताना ऐकलं.

"सूट माझ्या काही कामाचा नव्हता, काका. तो त्यांच्याबरोबर मातीत देता आला." ती म्हणाली. "कोट मातीत देववला नाही. आणि अंगातही घालवेना. तिथे लटकलेला बघितला की वाटायचं, आता बाबाच खिळ्यावरून उतरून येतील. म्हणून तुम्हाला देऊन टाकला."

फेस्टीने नाक शिंकरलं. "बाह्या तेवढ्या आखूड कर. पाईपात अडकलेल्या मांजरासारखी दिसतेस."

"करते. आणि पुढच्या वर्षी फाटकावर एक दिवा लावा. मला खरंच वाट सापडत नव्हती."

"खरंच?" फेस्टी म्हणाला. त्याने काखेतला पाईप हळूच खाली ठेवला.

मित्रांनो, माझ्या बाह्या आता चार बोटं आखूड झाल्या आहेत. दुकानाची किल्ली ब्रोनाकडेच आहे. सुटाचा हेवा अजून गेलेला नाही. तो जिथे आहे तिथे मला जायला मिळालं नाही, हे खरंच आहे. पण मला ठेवून घेतलं गेलं होतं, आणि मी तेवढे महिने समजत होतो की मला टाकलंय.

तुमच्याही घरी गेलेल्या माणसाचा एखादा कोट असेल, टोपी असेल, नाहीतर छत्री. त्या वस्तूकडे बघवत नाही म्हणून ती घाईने कोणाला देऊन टाकू नका, आणि कपाटाच्या तळाशी दाबूनही ठेवू नका. कसर लागते. वर्षातून एकदा बाहेर काढा, अंगाला लावून पाहा, मोठी होत असेल तर बाही दुमडा आणि बेधडक बाहेर पडा. आम्ही वापरासाठी शिवलेले आहोत. भिजलो तरी बिघडत नाही. घरी आल्यावर फक्त शेगडीजवळ वाळत घाला.