शर्यत होईपर्यंत

निरंजनला वडिलांचा फोन आला तेव्हा हॉलंडमध्ये सकाळचे सहा वाजले होते. वैष्णवी, त्याची बायको, हॉटेलच्या बाथरूममध्ये होती. चार तासांनी तिची मॅरेथॉन सुरू व्हायची होती.

"तुजी आय गेली रं," गेणबा म्हणाले. "च्या पिऊन तांदूळ निवडत बसली व्हती. तितंच कलंडली. डाक्टर येस्तवर काय ऱ्हायलंच न्हाई."

निरंजन दार ओढून बाहेर आला. गालिच्यावर अनवाणी उभा राहून तो ऐकत राहिला. मागे बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता.

"तुमी येस्तवर थांबता यायचं न्हाई. उनाचं दिस हायेत. दुपारच्या आत उरकतो. पोरीला सांग."

"सांगतो, आबा."

तो आत आला तेव्हा वैष्णवी पलंगावर बसून पायाच्या बोटांना व्हॅसलीन लावत होती. कुणाचा फोन, असं तिने मान वर न करताच विचारलं.

"आयोजकांचा. बस साडेसातला येतेय," तो म्हणाला.

वैष्णवी भरे गावची. वडील पिरंगुटजवळच्या कारखान्यात फिटर. शाळेपासून ती पळायची, आणि लग्न ठरताना पळणं सोडणार नाही एवढीच अट तिने घातली होती. नांद्यात सासरी आल्यावर, सून पहाटे पँट घालून रस्त्याने पळते म्हणून दूध डेअरीवर लोक हसले. सासूबाई, सारजाबाई, हसल्या नाहीत. नव्या इमारतींच्या कामावरची कुत्री सुनेच्या मागे लागतात हे कळल्यावर त्या स्वतः काठी घेऊन तिच्याबरोबर निघू लागल्या. पळणं काही त्यांना जमणारं नव्हतं. त्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर बसून राहायच्या आणि वैष्णवी समोरून गेली की कितवी फेरी ते मोठ्याने सांगायच्या. एकदा कुणी म्हणालं, तुमचा निरंजन बायकोच्या बाटल्या उचलत फिरतो. सारजाबाई म्हणाल्या, "त्याच्या हातानं उचलतोय. तुमच्या डोईवर तर ठेवत न्हाई?"

चार वर्षांपूर्वी प्रशिक्षकाने सांगितलं की वैष्णवीला वर चढायचं असेल तर उंचावर राहून सराव करावा लागेल. निरंजनने हिंजवडीतली नोकरी सोडली आणि दोघं केनियाला गेले. डोंगरावरचं एक छोटं गाव होतं. पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या, अंगणात घरमालकिणीच्या कोंबड्या, आणि चहूकडे तांबड्या मातीचे रस्ते. पहाटे सहाला तीस-चाळीस जणांचा घोळका त्या रस्त्यांवरून निघायचा. त्यामागे भाड्याच्या मोटरसायकलवर निरंजन, गळ्यात स्टॉपवॉच आणि पाठीवर पाण्याच्या बाटल्या. घरी आलं की तो तिच्या पोटऱ्या चोळून द्यायचा, तांबडी माती बसलेले मोजे दोन पाण्यांतून काढायचा, स्वयंपाक करायचा. तिकडे पोळीला चपातीच म्हणतात हे कळल्यावर वैष्णवी पहिल्यांदा तिथे पोटभर हसली. कुणी ठेचकाळलं तरी तिथले लोक 'पोले' म्हणत, तुझ्या दुखण्याचं मला वाईट वाटतं अशा अर्थाने. दोघं एकमेकांना उगाचच पोले म्हणायला लागले. भाजी करपली, पोले. वीज गेली, पोले.

वर्षातून तीन-चार शर्यती व्हायच्या. आठ देश त्यांनी पाहिले, म्हणजे आठ देशांतली विमानतळं, हॉटेलं आणि बेचाळीस किलोमीटरचे रस्ते पाहिले. टोकियोत ते सहा दिवस होते, आणि वैष्णवीचे पाय दुखू नयेत म्हणून खोलीतच बसले. बाहेर फिरायला जायचं ते सगळं त्यांनी पुढे ढकललं होतं. ती निवृत्त झाल्यावर. मूलही तेव्हाच.

आणि प्रत्येक शर्यतीच्या सकाळी सारजाबाईंशी बोलल्याशिवाय वैष्णवी बूट घालत नसे. बोलणं मिनिटभराचंच असायचं. खाल्लंस का, झोप लागली का, पायाखाली बघून पळ.

त्या सकाळीही तिने हात पुढे केला. "फोन दे. आईंना लावते."

"आई घरी नाहीये. पौडला लग्नाला गेलीय पहाटेच. मोबाइल घरीच विसरली."

"आज? मला न सांगता?"

"आबांनी आत्ता मेसेज केलाय. तुला सांग म्हणालीय, पायाखाली बघून पळ."

वैष्णवीने बूट ओढले.

निरंजनने स्वतःला सांगितलं, शर्यत होईपर्यंतच. तिला कळलं तर ती पळणार नाही. न पळूनही आई भेटणार नाही. विमानाने उडालं तरी उद्या पोचणार. ती एकतीस वर्षांची आहे, ही आशियाई स्पर्धेच्या निवडीची शेवटची संधी आहे. सगळं खरंच होतं. पण त्याखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती त्याला त्या दिवशी दिसली नाही. वैष्णवी पळाली नसती, तर चार वर्षं आपण काय केलं, हे त्याला स्वतःला सांगता आलं नसतं.

तो तिसाव्या किलोमीटरला जाऊन उभा राहिला. नांद्यात साडेतीन वाजत आले होते. आईला अग्नी देऊन लोक घरी परतले असतील. मुलगा असून ते त्याच्या हातून झालं नव्हतं. वैष्णवी समोरून आली, चेहरा घट्ट, पावलं एकसारखी. तो ओरडला, "छान चाललंय! असंच ठेव!" ती गेली आणि तो फुटपाथवर बसला. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईने त्याला पाणी दिलं.

वैष्णवीने शर्यत दोन तास चौतीस मिनिटांत संपवली. आयुष्यातली सगळ्यांत चांगली वेळ. आशियातल्या मोठ्या स्पर्धेसाठी तिची निवड आता पक्की होती. अंगावर शर्यतीनंतर देतात तो चंदेरी कागद गुंडाळून ती लंगडत त्याच्याकडे आली आणि म्हणाली, "लाव आता. आल्या असतील लग्नाहून."

तेव्हा त्याने सांगितलं.

ती ओरडली नाही. "कधी?" एवढंच विचारलं. त्याने वेळ सांगितली. तिने मनात हिशेब केला. "म्हणजे मी बूट घालायच्या आधी."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. आणि निरंजनला त्या चेहऱ्यासमोर उभं राहवेना. त्याच्या तोंडून निघून गेलं, "आबाच म्हणाले, शर्यत होऊ दे, तोवर पोरीला सांगू नको."

तिने मान हलवली. मग ती तिथेच रस्त्यावर खाली बसली, आणि मेडल गळ्यात तसंच ठेवून रडली.

दुसऱ्या दिवशी दोघं नांद्यात पोचले. अंगणात मांडव होता, माणसं होती. वैष्णवी पदर खोचून कामाला लागली. आल्यागेल्याला चहा, सुतकातला स्वयंपाक, सगळं तिने अंगावर घेतलं. फक्त गेणबांशी ती बोलत नव्हती. ताट पुढे ठेवायची आणि वळायची. गेणबांना वाटलं, दुःखाने पोरीची वाचा गेलीय.

दहावा झाला त्या संध्याकाळी ते ओट्यावर बसले होते. वैष्णवी वाळलेले कपडे गोळा करत होती, निरंजन दारात होता. गेणबाच आपणहून बोलले.

"पोरी, राग धरू नगंस. तुला तिचं त्वांड बगाया मिळालं न्हाई. पर थांबणं माज्या हातात नव्हतं. म्हनून तर मी ह्याला पयलं त्येच सांगितलं, पोरीला सांग. तिची आय व्हती ती. पळायचं का न्हाई, ती ठरवंल."

वैष्णवीच्या हातात धोतर होतं. तिने त्याची घडी पूर्ण केली, ढिगावर ठेवली आणि गेणबांजवळ जाऊन त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. गेणबा गोंधळले. "आगं, काय झालं?" असं विचारत राहिले. तिला बोलता येईना.

सकाळी ती निरंजनला घेऊन नदीकडे गेली. पलीकडे चौदा मजली इमारतींचे सांगाडे उभे होते, क्रेन फिरत होती.

"न सांगितल्याचं मी एक वेळ समजून घेतलं होतं," ती म्हणाली. "दहा दिवस स्वतःला विचारत होते, कळलं असतं तर मी पळाले असते का? कदाचित पळालेही असते. आईंनीच पळ म्हटलं असतं. ते आता मला कधी कळणार नाही."

"माझं चुकलं, वैष्णवी."

"तू ते आबांच्या नावावर घातलंस. ज्या माणसाची बायको गेली, त्यांना दहा दिवस मी ताट वाढत होते आणि मनात म्हणत होते, ह्यांनी माझी आई मला बघू दिली नाही. त्यांच्याशी शब्द बोलले नाही मी."

"तू समोर रडत होतीस. मला ते सहन होईना."

"मला माहीत आहे. तू वाईट नाहीस." ती पुलाच्या कठड्यावर बसली. "पण आता तू काहीही सांगितलंस तरी मी विचार करणार, खरं काय असेल. वेळ किती झाली सांगितलीस तरी."

निरंजनला खूप बोलायचं होतं. चार वर्षं, मोजे, हिंजवडीची नोकरी, आई त्याचीही होती. त्यातलं काही त्याने काढलं नाही. काढलं असतं तर तिने ऐकून घेतलं असतं, आणि तरीही गेली असती.

महिन्याने ती भऱ्याहून, माहेरच्या घरूनच विमानतळावर गेली. एकटी. स्पर्धेत ती नववी आली. निरंजनने ती शर्यत शेवटपर्यंत मोबाइलवर पाहिली. कॅमेरा पुढच्या चौघींवर होता, ती दोनदाच दिसली. त्याला भूगावमध्ये एका बिल्डरच्या ऑफिसात काम मिळालं. हिवाळ्यात ती केनियाहून आली तेव्हा दोघांनी संमतीने घटस्फोटाच्या अर्जावर सह्या केल्या. कोर्टातून बाहेर पडल्यावर तिने विचारलं, "आबांची बीपीची गोळी चालू आहे ना?" तो म्हणाला, चालू आहे. मग ती रिक्षात बसली.

दर रविवारी सकाळी मात्र केनियाहून तिचा गेणबांना फोन येतो. गेणबांना कमी ऐकू येतं, म्हणून ते स्पीकर लावून ओट्यावर बसतात. तिकडे पाऊस झाला का, कोंबड्यांनी किती अंडी दिली, गुडघ्याला काय लावता, असं दहा-पंधरा मिनिटं चालतं. निरंजन आत चहा ठेवून गॅससमोर उभा राहतो.

मागच्या रविवारी गेणबा म्हणाले, "तो हितंच हाय. देऊ का त्याच्याकडं?"

पलीकडे दूरवर कुणीतरी तिकडच्या भाषेत कुणाला हाक मारत होतं.

"नको आबा," वैष्णवी म्हणाली. "राहू दे. तुम्ही बोला."

चहा उतू गेला. निरंजनने गॅस बंद केला, फडक्याने स्वयंपाकाचा ओटा पुसला आणि उरलेला चहा दोन कपांत गाळला.