समेटाची ओटी

गुरुवार होता. यशोदाबाईंनी पोथीचा अध्याय वाचला, उपवासाचं दूध घेतलं आणि पिशवीत नारळ, तांदूळ, हिरवा खण घालून त्या दोंडाईचा स्टेशनामागच्या महिला केंद्राकडे निघाल्या. मारहाणीला कंटाळून आलेल्या बाईचा नवऱ्याशी समेट झाला, की तिची ओटी भरून सासरी पाठवायची, ही केंद्राची चार वर्षांची रीत. ओटी यशोदाबाई भरत, फोटो केंद्र चालवणाऱ्या कोकिळाताई काढत. फोटो अनुदान देणाऱ्या संस्थेकडे जाई. तिथल्या अहवालात एकच रकाना मोलाचा होता : ‘पुन्हा जोडलेली कुटुंबे’.

यंदा तो रकाना रिकामाच होता. आज संस्थेच्या मॅडम धुळ्याहून स्वतः आल्या होत्या. अनुदान पुढे चालू राहायचं की बंद व्हायचं, ते त्यांच्याच हातात होतं.

समोर भूमिका बसली होती. मिरचीच्या खळ्यावर देठं खुडणारी, जेमतेम चोविशीची. शेजारी नवरा, भूषण.

“पदर धर, बेटी,” यशोदाबाई म्हणाल्या.

भूमिकेनं एकाच हातानं पदर धरला.

“दोन्ही हात लाव ना.”

तिनं दुसरा हात उचलला तशी बाही सरकली. मनगटापासून कोपरापर्यंत उलथन्याचे तीन चट्टे, एकाखाली एक.

“हाई काय शे?”

“भाकरी करतांना चटका लागना,” भूषण हसला. “येडीच शे ती. पटकन भरा, अक्का, मना खाडा हुई ऱ्हायना.”

“चटका काय रांग धरीसन लागस का रे, भाऊ?”

भूमिका मान वर न करता बोलली, “मागे बी तुम्हीनच ओटी भरी, अक्का. मी घरमा पाय ठेवा, आनि त्यानी दार लाई लिधं. आज बी तुम्हना फोटो हुई जाई. मंग मनं काय?”

यशोदाबाईंच्या ओंजळीतले तांदूळ ताटात गळून पडले.

कोकिळाताईंनी त्यांना कोपऱ्यात ओढलं. “अक्का, एवढी एक होऊ द्या. अनुदान थांबलं तर ही खोली जाईल. उद्या दुसरी कोणी रडत आली, तर तिला कुठं बसवू?”

प्रश्न खोटा नव्हता. यशोदाबाईंनी नारळ पिशवीत परत ठेवला. मग नेहमीच्याच हळू आवाजात त्या म्हणाल्या, “कोकिळा, कुंकू तर बकऱ्यालेबी लावतस. कापाना आधी.”

“पण आजी,” मॅडम गोंधळल्या, “तुमची ही परंपरा आम्ही पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर घेणार होतो.”

“घेऊ नका, बाई. लिहा, एक बाई परत गेली नाही.”

“असा रकाना नाही हो आमच्याकडे.”

“मग नवा काढा.”

मॅडमनी कागद चाळले आणि पेनाचं टोपण लावून टाकलं. भूषण उठला. “चाल वं! बठ्ठं गाव हासी आपलावर!”

कोकिळाताई क्षणभर मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. मग मोबाइल पिशवीत टाकून त्या भूषण आणि भूमिकेच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. “हसू दे गावाला. भूमिका, ऊठ. आधी दवाखाना, मग पोलीस स्टेशन.”

मॅडम अहवालात काय लिहिणार, ते कोणालाच कळलं नाही. यशोदाबाईंना मात्र त्या रात्री झोप लागली नाही. चार वर्षांत त्यांनी एकवीस ओट्या भरल्या होत्या. भूमिका आपणहून परत आली; बाकीच्या वीसजणींकडे पुन्हा कोणी फिरकलं नव्हतं. त्यासाठीही रकाना नव्हता.

शुक्रवारी सकाळी त्यांच्या नावांची यादी घेऊन त्या पहिल्या खेड्यात पोहोचल्या. यादीतल्या मंजुळानं दार उघडलं. मागे ओट्यावर सासू तूर पाखडत होती.

“कशी शे, बेटी?”

“बठ्ठं बरं शे, अक्का!” मंजुळा सासूला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलली.

आणि तिनं यशोदाबाईंचं मनगट धरलं, ते काही केल्या सोडेना.