हॅटी उत्तर देतेय

टॅकेट घराण्यात गप्प बसणारा माणूस कधी जन्मालाच आला नव्हता. अमेरिकेतल्या केंटकीच्या त्या डोंगरदरीत तशी कुणालाच प्रश्न विचारून वाट बघायची सवय नाही. पाहुणा जरा अडखळला की शेजारचा त्याचं वाक्य पुरं करून टाकतो, आणि त्यालाच तिथे आपुलकी म्हणतात. अशा घरात हॅटी जन्मली, जिला बोलताच येत नव्हतं. हातपायही तिचं ऐकत नसत. डोळे मात्र ऐकायचे: वर नेले की हो, खाली नेले की नाही.

शाळेच्या मानसतज्ज्ञाने तिची तपासणी केली आणि निकाल दिला, की पोरीला फारसं काही समजत नाही. तिला तिसरीच्या वर्गातून काढून दूरच्या गावच्या वेगळ्या वर्गात घालावं, जिथे हात धुवायला नि बटणं लावायला शिकवतात. तिची आई डार्ला पेटून उठली. शाळेचा निकाल पटला नाही, तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून शाळेच्याच खर्चाने पुन्हा तपासणी मागायचा हक्क आईबापांना असतो. डार्लाने तो भांडून मिळवला.

म्हणून लेक्सिंग्टन शहराहून रेन्फ्रोबाई तपासणीला आल्या. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्रं मांडायच्या, प्रश्न विचारायच्या नि स्वस्थ बसायच्या.

"हॅटी, यातलं पाण्यावर काय तरंगतं?"

"होडी, सोन्या, होडी! बघ ना तिकडे," डार्ला म्हणाली.

"डार्लाबाई, तुम्ही नका सांगू."

"अहो, तिला येतंय. मी आपली जरा मदत करते."

"शाळेतल्या साहेबांनी तिला वेळ दिला नाही," रेन्फ्रोबाई हळूच म्हणाल्या, "आणि तुम्हीही देत नाही. त्यांना वाटतं, तिच्याकडे उत्तरच नाही. तुम्हाला वाटतं, ते तुमच्याकडे आहे."

डार्लाला ते झोंबलं. जिच्यासाठी जिवाचं रान केलं, तिच्याबद्दल ही परकी बाई आपल्याला सुनावते! "बरं," ती फणकारली, "घातलं तोंडाला कुलूप."

पुढचा प्रश्न आला. हॅटीची मान थरथरली, डोळे चित्रांवरून भरकटून खिडकीकडे गेले. शाळेतल्या साहेबांनी इथेच फुली मारली असणार. डार्लाने जीभ दाताखाली धरली. डोळे सावकाश परतले आणि बरोबर चित्रावर थांबले. मग पुढच्या प्रश्नालाही. मग त्याच्या पुढच्यालाही.

शेवटी बाईंनी खाण्याची चित्रं मांडली. "यातलं तुला मुळीच आवडत नाही असं काय?"

हॅटीने भरपूर वेळ घेतला आणि केळ्याच्या पुडिंगवर डोळे रोवले.

"छे! काहीतरीच!" डार्लाचं कुलूप तुटलं. "तिचा जीव आहे त्यावर. दर रविवारी करते मी! हॅटी, आवडतं ना गं?"

आणि या वेळी ती खरंच थांबली. हॅटीचे डोळे खाली गेले, अगदी जमिनीला टेकेपर्यंत. ओठांवर खट्याळ हसू होतं.

"अगं बया! मग इतकी वर्षं गिळलंस कशाला?" डार्ला हसता हसता रडायला लागली. भरवलेला एकेक चमचा आठवून तिला अपराधी वाटलं. पण त्याहून मोठा आनंद होता. लेकीला स्वतःचं मन होतं, आणि ते आईच्या मनाची नक्कल नव्हतं.

शाळेच्या बैठकीत रेन्फ्रोबाईंनी आपलं मत मांडलं, की वेळ दिला तर हॅटीला सगळं येतं. मुख्याध्यापक हॅस्किन्स डार्लाकडे वळले. "मग तुमचं काय म्हणणं? याच वर्गात ठेवायचं?"

डार्लाकडे रात्र पुरणार नाही इतकं बोलायला होतं. "तिलाच विचारा," ती म्हणाली.

त्यांनी विचारलं. खुर्च्या करकरल्या. मानसतज्ज्ञ साहेब घसा खाकरून काही बोलणार, तोच डार्लाने हात वर केला. "थांबा. हॅटी उत्तर देतेय."

हॅटीचे डोळे हळूहळू चढत छताला भिडले आणि तिथेच राहिले.

"म्हणजे... हो म्हणाली ना?" हॅस्किन्सनी डार्लाला विचारलं.

"माझ्याकडे काय बघता? ती समोर बसलीय की!"

ते ओशाळले. खुर्ची वळवून हॅटीसमोर वाकले. "बरं बाळा, मग सोमवारी येशील ना वर्गात?" आणि तिच्या उत्तराची वाट बघत बसले.