चमकत्या पट्ट्याची बॅटरी

मी एक जुनी बॅटरी आहे. पुस्तकात मला विजेरी म्हणतात. पण मारेगावकडच्या आमच्या खेड्यात त्या नावाने हाक मारली तर कुणाला कळायचं नाही. अंग पत्र्याचं, पोटात दोन जाड सेल आणि पाठीवर सरकता खटका. कोणत्या कारखान्यात घडले ते आठवत नाही. आठवतं ते वणीच्या बाजारातलं दुकान. तिथे कुलपं आणि उंदरांचे पिंजरे यांच्या मधोमध मी टांगलेली होते. आमच्या खेड्यातल्या डोमाजींनी मला खाली उतरवलं, खटका दोनदा मागेपुढे केला आणि पिशवीत टाकलं.

डोमाजी मला घेऊन रात्री शेतावर जागलीला जात, रानडुकरं हाकलत. पुढे ते तापाने गेले. मग घरात उरल्या त्यांच्या पत्नी इंदूबाई, मुलगा संघदीप आणि सून शीला. मीही त्यांच्यातच राहिले.

मित्रांनो, नंतर कापसाची ती वाईट वर्षं आली. वेचणी झाली तरी लोक कापूस विकेनात. आज ना उद्या भाव येईल म्हणून तो घरातच भरून ठेवत. आमची पुढची खोली आढ्यापर्यंत भरली. मधे एक माणूस अंग चोरून जाईल एवढी वाट राहिली आणि तिच्या टोकाला, जमिनीवर, इंदूबाईंचं अंथरूण. अंगाला खाज सुटे. नाकात तंतू जात. शिवाय आगीची धास्ती. घरात रॉकेलची चिमणी लावायची नाही, चूल अंगणात, विडी ओढणाऱ्या पाहुण्याला चहा बाहेरच. त्यात भारनियमन. दिवेलागणीलाच वीज जाई.

अशा घरात उजेडाला मी एकटी. पण मीच सापडत नसे. घाईत कुणी कापसावर ठेवलं की मी आत रुते, आणि मग काळोखात तिघंही चाचपडत बसत.

संघदीप शेती सांभाळून दुकानांच्या पाट्या रंगवायचा. एकदा यवतमाळहून तो अंधारात चमकणाऱ्या रंगाची छोटी डबी घेऊन आला. अगदी स्वस्तातला रंग. दिवसा बघाल तर मळकट चुन्यासारखा. त्याने माझ्या गळ्याभोवती जाड पट्टा ओढला. मग दाराची कडी, पाण्याच्या माठावरचा ओगराळा, विजेचं बटण, इंदूबाईंच्या चपलांचे अंगठे, हाताला येईल ते रंगवलं.

संध्याकाळी वीज गेली आणि घरात फिकट पोपटी ठिपके उमटले. इंदूबाई दचकल्या.

"हे भुताचे डोये कायले लावले रे घरात?"

"भूत नोहे माय, रंग हाये," संघदीप हसला. "दिवसा उजेड पेते आन अंधारात सोडते. जाळ नाई, धूर नाई. कापसाले भेव नाई."

"मंग राहू दे," त्या म्हणाल्या. "पन माह्या चपला उंबऱ्याबाहीर ठेवजो. मले पाहून राह्यल्या सारख्या."

थोड्याच दिवसांत शेजारीपाजारी बघायला येऊ लागले. मुलं मला ओंजळीत झाकून बोटांच्या फटीतून डोकावत. प्रवाशांची काळीपिवळी जीप चालवणाऱ्या पूनमसिंगने आपल्या जॅकचा दांडा रंगवून घेतला, कुणी गोठ्याची कडी. माझं बरंच कौतुक झालं. पण रंगाची ताकद मला ठाऊक होती. तास-दीड तास, फार तर. मग तो मालवे. शीलेने ते ओळखलं होतं. ती मला दुपारभर खिडकीत ठेवी आणि दिवस मावळला की आतल्या खुंटीला अडकवी. दुसरीकडे कुणी ठेवलं तर ती रागवायची.

होळी होऊन गेली होती. कापूस तसाच होता. त्या दिवशी नुकतीच वीज गेली होती. संघदीप अंगणात बैल बांधत होता, शीला चुलीपाशी भाकरी थापत होती. इंदूबाई अंथरुणावर आडव्या झाल्या होत्या.

"अवं शीला," आतून आवाज आला. "मले काई तरी चावलं वाटते. उंदीर असंन."

"दुखते का जी, आत्याबाई?" शीलेने सासूला विचारलं.

"नाई वं. मुंगी चावल्यावानी. होऊ दे तुह्या भाकरी."

शीलेने भाकरी होऊ दिल्या नाहीत. पिठाच्या हातानेच ती आत आली. खोलीत काहीही दिसत नव्हतं. माझा पट्टा तेवढा दिसत होता. तिचा हात थेट माझ्यावर पडला आणि खटका सरकला.

मी पाहिलं ते तुम्हाला सांगते. इंदूबाईंच्या पायाशी काळा चकचकीत साप होता. अंगावर बारीक पांढरे पट्टे. तो सावकाश कापसात शिरत होता. शेपूट दिसली, आणि मग नुसता पांढरा कापूस.

"अहो! मन्यार हाये!" शीला ओरडली.

संघदीप धावत आला. मण्यार चावला तर दुखत नाही, पण जीव जातो, हे त्याला ठाऊक होतं. "माय, हालू नको. अजिबात हालू नको."

"कायले एवढे भेता?" इंदूबाई म्हणाल्या. "मले तं काईच होऊन नाई राह्यलं."

पूनमसिंगने जीप काढली. शीलेने मला हातात तसंच धरलं होतं, म्हणून मीही गेले. वाटेत इंदूबाईंच्या पापण्या मिटू लागल्या. बोलणं जड झालं. शीला सारखी त्यांच्या चेहऱ्यावर माझा उजेड टाकून बघत होती. "माय, बोल ना," संघदीप म्हणत होता. पूनमसिंगने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी विचारलं, "साप पाहिला का?"

"पायला जी. काया, पांढऱ्या पट्ट्याचा," शीला म्हणाली.

लगेच सलाईन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली. मग त्यांना यवतमाळला नेलं. तिथे काही दिवस मशीनने श्वास दिला. नंतर एका सकाळी इंदूबाईंनी डोळे उघडले आणि चहा मागितला.

त्या घरी यायच्या आधी अंगणात भांडण झालं.

"थोडं थांबू," संघदीप म्हणाला. "भाव वर येऊन राह्यला म्हंतेत."

"भाव यीन तवा यीन," शीला म्हणाली. "आत्याबाई याच्या आंधी घर मोकयं पायजे मले."

तो गाडी जुंपायला उठला. कापूस गेला. भाव पुढे थोडा वाढलाही. घरात कुणी तो विषय काढला नाही. इंदूबाई मोकळ्या खोलीत आल्या, तरी कितीतरी दिवस हाताने दोन्ही बाजू चाचपतच चालत. तिथे कापूस नाही, हे हाताला पटत नव्हतं.

मग मोबाइल आले. त्यांच्यातच दिवा होता. मी फळीवर गेले, पट्ट्याचे पोपडे निघाले. पोटातले सेल काढायचं कुणाला सुचलं नाही. ते पाझरले आणि आतून मला गंज चढला. तक्रार नाही. पत्र्याचं आयुष्य असतंच केवढं!

फक्त एवढं ऐका, मित्रांनो. घरातली बॅटरी वापरात नसेल तर सेल काढून ठेवा. तिची एक जागा ठरवा आणि ती जागा घरातल्या सगळ्यांना सांगा. आणि अंधारात कुणी म्हातारं माणूस म्हणालं, 'काही नाही, उंदीर चावला असेल,' तर हातातलं काम तिथेच टाका, आणि आधी उजेड लावून बघा.