चंद्र डाउनलोड केलेला नाही

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, तीस वर्षं वजनमापांचे तपासनीस होते. दुकानदाराचा तराजू नखभर झुकला की यांची भुवई हातभर वर जायची. निवृत्त झाल्यावर तपासायला घरात फक्त ताई उरली आणि तिच्यात कुठे काही कमी भरेना. म्हणून त्यांनी कॅमेरा घेतला.

पहिल्या बारा दिवसांत चारशे साठ फोटो झाले. आकडा पक्का आहे, कारण ते सगळे मला बसवून दाखवण्यात आले. त्यांत एकशे तीस कबुतरं, सत्तेचाळीस ढग, आणि ताई एकदाच, तीही पाठमोरी. पण या ढिगात एक फोटो खरोखर नामी निघाला: पौर्णिमेचा चंद्र. काळंभोर आकाश, कात्रीने कापल्यासारखी कड आणि आतला डाग न् डाग मोजून घ्यावा असा. भाऊजींनी तो दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आमच्या गच्चीवरून. स्वतः काढला."

तो 'स्वतः' नडला.

भाऊजींच्या मुलीचे सासरे झेरॉक्सचं दुकान चालवतात. पस्तीस वर्षं लोकांच्या कागदांच्या नकला काढल्यामुळे अस्सल काय ते आपल्याला लांबून कळतं, असं आमच्या या व्याह्यांचं स्वतःविषयी मत आहे. त्यांनी लिहिलं, "छान आहे. कुठून डाउनलोड केला?" पुढे एक हसरा चेहरा. विहीणबाईंनी त्याला लगेच अंगठा दिला.

"मी लोकांची खोटी वजनं जप्त केली, आणि हा माणूस मला चोर म्हणतो?" भाऊजींनी फोन सोफ्यावर आपटला. सोफ्यावर, कारण फोन नवा होता.

"चोर कुठे म्हणाले? कुठून आणला एवढंच विचारलंय," ताई म्हणाली.

"चोरालाच विचारतात तसं!"

प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण दोन दिवसांनी लेकीचा फोन आला. "बाबा, सासरे रोज जेवताना विचारतात, 'काय, आज बाबांनी मंगळ डाउनलोड केला की नाही?' आणि सगळे माझ्याकडे बघून हसतात. मी काय सांगू त्यांना?"

भाऊजींनी फोन ठेवला आणि कॅलेंडर काढलं. मग पुढच्या पौर्णिमेला व्याही आणि विहीणबाईंना चहाचं आमंत्रण गेलं. चंद्र त्यांच्या डोळ्यांदेखत निघणार होता. मधल्या महिन्यात भाऊजींनी कॅमेऱ्याचं दोनशे चौदा पानांचं माहितीपुस्तक पेन्सिलीने खुणा करत दोनदा वाचलं. इथेच घात झाला.

ठरलेल्या संध्याकाळी गच्चीवर पाच खुर्च्या मांडल्या. साडेसातला चंद्र समोरच्या इमारतीवर आला. व्याही निकाल लिहूनच आणल्यासारखे बसले होते. भाऊजींनी कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, झूम ताणलं, बटण दाबलं.

पडद्यावर पांढरा गोळा. डाग नाही, कड नाही, काही नाही.

"हे काय, बल्ब?" व्याही म्हणाले.

पुन्हा दाबलं. पुन्हा गोळा.

"उकडलेलं अंडं," व्याह्यांनी नोंद केली.

"गोल मात्र छान आलाय हो," विहीणबाईंनी धीर दिला. असा धीर वैऱ्यालाही मिळू नये.

"कॅमेऱ्याचं चाक बरोबर आहे," भाऊजी घाम पुसत म्हणाले. "हे बघा, चाकावर चंद्राचं चित्र आहे, रात्रीच्या फोटोसाठी. पान अठ्ठ्याऐंशी. चंद्रासाठी चंद्र, याच्यापेक्षा सरळ काय असतं?"

तेवीस फोटो झाले. तेवीस अंडी. शेवटी व्याही उठले, भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाले, "राहू द्या हो व्याहीबुवा. होतं असं. आम्ही कुणाला सांगणार नाही."

भाऊजी कॅमेऱ्याकडे असे बघत होते की मला वाटलं, मागचा फोटो आपण खरंच काढला होता का, अशी आता यांनाच शंका येतेय.

तेवढ्यात ताई चहाचा ट्रे घेऊन वर आली. तिने पडद्यावर एक नजर टाकली. "अहो, हे तर टाकीसारखं झालंय."

"कसली टाकी?"

"ही, मागे आहे ती. तडा गेल्याची तक्रार करायची म्हणून मागच्या पौर्णिमेला दुपारी तुम्ही हिचा फोटो काढत होतात. टाकी पांढरी, वर रणरणतं ऊन. नुसता पांढरा ठोकळा येत होता, तडा दिसेना. तुम्ही चिडून खाली गेलात. मग मी ते चाक 'एम'वर नेलं, म्हणजे सगळं आपल्या हाताने ठरवायचं, आणि उजेड कमी करायचं दुसरं चाक तडा दिसेपर्यंत फिरवत बसले. संध्याकाळी तुम्ही कॅमेरा तसाच उचललात आणि चंद्र काढलात."

"पण ती दुपार होती!" भाऊजी ओरडले. "आत्ता रात्र आहे!"

"आपल्याकडे. चंद्रावर ऊन पडलंय म्हणूनच तो दिसतोय ना?" तिने ट्रे माझ्या हातात दिला, चष्मा लावला आणि दोन्ही चाकं फिरवली. "हं, दाबा."

क्लिक. काळंभोर आकाश, कात्रीने कापलेली कड, डाग न् डाग.

भाऊजींनी कॅमेरा व्याह्यांसमोर धरला. व्याह्यांनी खिशातून फोन काढला, ग्रुपवरचा जुना फोटो मोठा केला, दोन्ही शेजारी धरून तपासले आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो, हा तर तोच फोटो! एकूण एक डाग तोच! कॅमेऱ्यात आधीच भरून ठेवला होतात ना?"

"चंद्र तोच आहे! नवे डाग कुठून आणू?"

"मग तुम्हीच दाबा की," ताई व्याह्यांना म्हणाली. "तुमचं बोट तर कुणी भरून ठेवलेलं नाही ना?"

व्याह्यांनी दाबलं. पडद्यावर तोच चंद्र आला. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग घसा खाकरून बायकोला म्हणाले, "माझा जरा जास्त रेखीव आलाय, नाही?"

"हो तर," विहीणबाई म्हणाल्या.

पाच मिनिटांत तो फोटो व्याह्यांच्या फोनवर गेला आणि तिथून ग्रुपवर. खाली लिहिलं होतं, "गच्चीवरून. स्वतः काढला." कुणाची गच्ची, चाक कुणी फिरवलं, हा तपशील जागेअभावी राहिला असावा.

पहिलं उत्तर व्याह्यांच्या थोरल्या बहिणीचं आलं. "छान आहे रे. कुठून डाउनलोड केलास?" पुढे हसरा चेहरा.

व्याह्यांचे कान लाल झाले. "हिला ना, लहानपणापासून माझं काही खरंच वाटत नाही! व्याहीबुवा, तुम्ही लिहा ना. तुम्ही समोर होतात."

"लिहितो की," भाऊजी म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. एक काच पुसली, मग दुसरी. चहाचा घोट घेतला, साखर कमी आहे म्हणाले, ताईने साखर आणली, ती ढवळली. व्याही फोनकडे, मग भाऊजींकडे, पुन्हा फोनकडे बघत होते. तोवर ग्रुपवर आणखी चार हसरे चेहरे उमटले होते.

अकरा मिनिटं झाली. मी घड्याळ लावूनच बसलो होतो. मग भाऊजींनी फोन उचलला आणि तीस वर्षं तराजूंवर शिक्का मारताना जे लिहीत आले, तेच एका बोटाने सावकाश लिहिलं: "समक्ष तपासले. बरोबर आहे."

थोडं थांबून त्यांनी पुढे एक हसरा चेहरा टाकला.