भोंगा न वाजणारा कारखाना

आमचा फंड लोकांची बचत फक्त ‘चांगल्या’ कंपन्यांत गुंतवतो. चांगली म्हणजे नदीत घाण न सोडणारी आणि माणसांच्या जिवावर न उठणारी. कोण किती चांगलं याचे गुण आम्ही देतो आणि त्यासाठी दरवर्षी प्रत्येक कारखान्यात जाऊन येतो. रद्दीपासून कागद करणारा हा कारखाना म्हणजे आमचा लाडका जावई. गुण सगळ्यांत जास्त त्याला, आणि शेअरही त्याचाच सगळ्यांत वर. आमच्या मोठ्या बाई सभेत त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतात, “चांगुलपणा परवडत नाही म्हणणाऱ्यांनी हे बघावं.”

माझा धाकटा भाऊ तिथेच हौद धुण्याच्या कामाला आहे. मी बाईंना आधीच म्हटलं होतं, तिथे दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. त्या म्हणाल्या, “तो ठेकेदाराचा माणूस ना? मग कंपनीचा नाही.” विषय संपला. ठेकेदाराच्या माणसांची हीच सोय असते, ती मोजायला घेतली की कुठेच नसतात.

कारखान्याचे व्यवस्थापक मोठे हौशी. पोराचे मार्क सांगावेत तसं त्यांनी फाटकातच सांगितलं, “वर्षभरात गॅसचा भोंगा एकदाही वाजला नाही, मॅडम.” हवेत विषारी गॅस वाढला की हा भोंगा वाजतो, आणि आमच्या पद्धतीत तो जितका कमी वाजेल तितके गुण जास्त. मीही मान डोलावली. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू? भाऊ जिथे राबतो तिथे भोंगा वाजत नाही, याहून चांगली बातमी कुठली?

लगद्याचा हौद मागच्या शेडमध्ये होता. जमिनीत खोल, वर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड. तोंडाशी एक म्हातारा कामगार हातात दोर धरून बसला होता आणि दोराचं दुसरं टोक खाली अंधारात गेलं होतं.

“खाली तुमचे बंधूच आहेत,” व्यवस्थापक हसून म्हणाले. “ताई बघायला येणार म्हणून आज स्वतःहून उतरले.”

मी वाकून हाक मारली. खालून त्याचा आवाज आला, “ताई, लांब उभी राहा, साडी खराब होईल!” शेडमध्ये सडक्या अंड्यांचा वास कोंदला होता. मी नाकाला पदर लावला. व्यवस्थापक पाण्याच्या पुनर्वापराबद्दल बोलत होते, मी हं हं करत होते. थोड्या वेळाने पदर खाली घेतला तर वास नव्हता.

“बघा,” ते म्हणाले, “दोन मिनिटांत सवय होते.”

 सडक्या लगद्यातून निघणारा हा गॅस थोडा असतो तोवर नाकाला कळतो. वाढला की आधी नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे गॅस गेला नव्हता. मी भिंतीकडे पाहिलं. गॅस मोजणाऱ्या यंत्राचा लाल दिवा भराभर उघडझाप करत होता आणि त्याच्या शेजारचा भोंगा मुका होता.

“ओढा!” मी किंचाळले. “वर ओढा त्याला!”

म्हाताऱ्याने दोर खेचला. खालून कुणी ओ दिली नाही. मी भावाचं नाव घेऊन ओरडत होते, दोर खेचत होते, हाताची सालटी निघत होती आणि दोर वर येता येत नव्हता. उडी मारावीशी वाटली. उतरायचं नसतं, उतरणाराही वर येत नाही, हे मी स्वतः लोकांना शिकवते. शिकवणं सोपं असतं हो. शेवटी व्यवस्थापकांनीही दोराला हात घातला आणि तोंडातून आधी त्याचं डोकं आलं, छातीवर कललेलं. आम्ही त्याला फरफटत उघड्यावर आणलं.  किती वेळाने कोण जाणे, तो खोकला.

संध्याकाळी दवाखान्यात त्याने डोळे उघडले. तोंडावरची नळी बाजूला करून पहिलं वाक्य बोलला ते असं, “ताई, वर कळवू नकोस.”

“भोंगा बंद होता रे.”

“माहीत आहे. मीच तार कापली.”

मला वाटलं, गॅस अजून डोक्यात आहे.

“कुणी सांगितलं नाही, आम्हीच ठरवलं,” तो धापा टाकत म्हणाला. “मागे तो सारखा वाजला, तुम्ही गुण कापलेत. ते गुण बघून बँकेनं कर्ज महाग केलं. मग खर्च कमी करायचा म्हणून ठेकेदाराची निम्मी माणसं घरी बसवली. आता गुण वाढले, तर सगळ्यांना परत घेतलं. तू गुण कापलेस तर परत तेच होणार.”

त्याच वेळी मोठ्या बाईंचा फोन आला. त्यांनी मनापासून चौकशी केली, रडू नकोस म्हणाल्या. मग विचारलं, “भोंगा वाजला होता का?”

“नाही.”

“म्हणजे नोंद शून्यच राहते. घाईने काही लिहू नकोस. या शेअरवर आपला अख्खा फंड उभा आहे, लोकांचे म्हातारपणाचे पैसे आहेत त्यात.”

 त्या खोटं काहीच बोलत नव्हत्या. भाऊ माझं मनगट घट्ट धरून माझ्या तोंडाकडे बघत होता.

“बाई, भोंग्याची तार कापलेली आहे,” मी म्हटलं. “मी ते आजच लिहिणार.”

“कुणी कापली?”

“आपण,” मी म्हटलं. “भोंगा वाजला की गुण कापतो ते आपणच ना?”

 पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. भावाने माझं मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

“मला परत कामावर घेतील का गं?” त्याने तिकडे बघतच विचारलं.

 नाही म्हणायची भीती वाटत होती, आणि हो म्हणायची त्याहून जास्त.