दुसऱ्या डोळ्याची भीती

मी दारुमा बोलतोय. डब्लिनच्या पश्चिमेला ओंगार म्हणून वसाहत आहे, तिथल्या एका स्वयंपाकघरात देवांच्या शेजारी बसलेला लाल, गोल, काणा दारुमा, म्हणजे जपानी नवसाचा बाहुला. आवाज जरा कापतोय, तिकडे लक्ष देऊ नका. मला भीती वाटते. बहुतेक वेळ भीतीच वाटते, पण रंगाऱ्याने माझं तोंड असं रागीट रंगवलंय की कुणाचा विश्वास बसत नाही.

मला हात नाहीत, पाय नाहीत, मान नाही. आहे ते सगळं डोकं आणि पोट. हसताय? तुमच्या ऑफिसात अशी दोन-चार माणसं असतील, त्यांना तुम्ही साहेब म्हणता.

जन्म माझा जपानातला, शिओमुरा नावाच्या लहानशा बंदराच्या गावी. साच्यावर कागदाचा लगदा थापला, वाळवला, वर लाल रोगण चढवलं आणि बुडाशी मातीचा गोळा बसवला. त्यामुळे मला कसाही ढकला, मी डुलतो आणि परत उभा राहतो. लोक याला जिद्द म्हणतात. कसली जिद्द? बूड जड आहे. शिक्षणाचं विचाराल तर माझ्या पोटावर एक अक्षर काढलंय, तेही मला वाचता येत नाही. नशीब की काहीतरी आहे म्हणे.

आम्हां दारुमांची रीत अशी. जन्मतो तेव्हा डोळे कोरे. घेणारा मनात काही मागतो आणि आमचा एक डोळा काढतो. मागणं पुरं झालं की दुसरा. मग वर्ष सरलं की दोन डोळ्यांच्या दारुमाला मोठ्या मानाने देवळात नेतात, मंत्र म्हणतात आणि जाळतात.

हो, जाळतात. काम झालं ना.

मी त्या देवळाबाहेरच्या दुकानात फळीवर होतो. मला तेव्हा डोळा नव्हता, पण धुराचा वास आला आणि आवाजही आला. पोकळ कागद फट् फट् फुटतो, तसा. बाहेर सगळे मंत्र म्हणत होते. त्या दिवसापासून माझी जी गाळण उडाली ती उडालीच. पळून जावं तर पाय नाहीत, आडवं पडून रडावं तर बूड पडू देत नाही.

मला विकत घेतलं ओहाशीसान नावाच्या म्हाताऱ्याने. तो गावच्या फुटबॉल क्लबचा जुना भक्त. क्लब कसला तर जपानच्या दुसऱ्या फळीतला, तोही तळाशी चिकटलेला. वीस संघांत शेवटचे तीन तिसऱ्या फळीत घसरतात, आणि शिओमुरा दरसाल त्या कड्याच्या टोकावर पाय सोडून बसलेला.

स्टेडियमात या म्हाताऱ्याच्या शेजारी दोन वर्षं एक मराठी माणूस बसायचा. केदार, मूळचा अमरावतीचा. बायको-मुलगी आयर्लंडात आणि कंपनीने याला एकट्याला तिकडे धाडलेलं. म्हाताऱ्याला इंग्रजी येईना, याला जपानी जेमतेम. पण गोल खाल्ला की दोघांचा सुस्कारा एकाच भाषेत. म्हातारा डब्यातून तळलेलं स्क्विड, म्हणजे समुद्रातलं माकूल आणायचा, आणि शाकाहारी केदार ते कांद्याची भजी समजून दोन वर्षं गिळत राहिला. हे त्याने आईला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

निघायच्या दिवशी ओहाशीसानने मला त्याच्या हातात दिलं. म्हणाला, "एवढंच माग, की खाली जाऊ नये. खाली गेलेल्यांना वर यायला वर्षं लागतात. माझ्याकडे तेवढी उरलेली नाहीत." आणि हसला. तिकडचे म्हातारे असलं काही बोलून हसतात.

ओंगारला आल्यावर केदारने काळ्या मार्करने माझा एक डोळा काढला. पहिली गोष्ट दिसली ती त्याचंच तोंड. माणसं देवाकडे बंगला मागतात, परदेशी जावई मागतात. हा पठ्ठ्या मागत होता, की फक्त पडू नये.

मग मला भिंतीतल्या कपाटात देवांजवळ बसवलं. या कपाटाला इकडे प्रेस म्हणतात. एका फळीवर गणपती, अन्नपूर्णा, मी आणि लोणच्याची बरणी. दार कुणी आपटलं की मी डुलायचो. मुद्दाम जरा जास्तच, बरणीला टक्कर बसेल इतका. केदारची बायको स्वरांगी मोठी डॉक्टर, हॉस्पिटलात रक्तामांसाला घाबरत नाही, पण माझ्या टकरीला दचकायची. भित्र्यालाही करमणूक लागते.

हंगाम सुरू झाला. जपानात दुपार, तेव्हा इकडे पहाट. केदार पांघरूण गुंडाळून ओट्यावर लॅपटॉप मांडायचा, आवाज बारीक ठेवायचा. ढोल वाजत असायचे, गाणी चालू असायची, संघ तीन गोल मागे असला तरी गाणी थांबत नसत. आणि हरल्यावर सगळे खेळाडू रांगेत उभे राहून प्रेक्षकांना कमरेत वाकून नमस्कार करत. तेव्हा केदारही उठायचा आणि ओट्यासमोर वाकायचा.

एकदा स्वरांगी ड्यूटीवरून आली, कोट अंगावरच.

"कुणाला मुजरा चाललाय?"

"हरले गं."

"मग त्यांनी वाकायचं ना. तू का?"

"ते वाकलेत. मी बसून कसा राहू?"

तिने कोट खुर्चीवर टाकला. म्हणाली, "चहा टाक. तुझे ते संपले असतील तर."

असं करत करत उन्हाळा गेला आणि शिओमुरा अठरावा. म्हणजे कड्यावरून एक पाय खाली. आणि गणपतीच्या तोंडावर अमरावतीहून केदारची आई आली, उर्मिलाबाई.

बाईंनी बॅग ठेवली, हातपाय धुतले, देवांना नमस्कार करायला प्रेस उघडलं. मी सवयीने डुललो. मोठी चूक केली.

"केदार, हे काऊन ठेवलं देवापाशी? एका डोळ्याचं."

"दारुमा आहे आई. साधू होता तो. मूळचा आपल्याकडचाच, भारतातून जपानात गेला."

"मंग येकच डोळा घेऊन गेला का?"

"दुसरा काढायचाय अजून. टीम वाचली की काढायचा."

"कोनती टीम?"

केदारने फोनवर तक्ता दाखवला. बाईंनी चष्मा लावला, बोट वरून खाली नेत राहिल्या. "हे तं खालूनच पाहावं लागते," म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे, "खंडित मूर्त घरात ठेवू नये बाबू. घराले लागते. गणपतीसंग शिरवून टाकू याले."

शिरवणं म्हणजे विसर्जन. हे मला उत्सवासाठी आणून ठेवलेल्या नव्या गणपतीच्या चेहऱ्यावरून कळलं. तो शाडूचा होता, त्याला माहीत होतं.

केदार म्हणाला, "आई, प्लीज. ओहाशीसानने दिलाय." बाई "बरं बरं" म्हणाल्या. आईच्या "बरं बरं"वर विश्वास ठेवणारा मुलगा इंजिनिअर कसा झाला, देव जाणे.

दीड दिवसाचा गणपती. मागच्या अंगणात निळी बादली मांडलेली, शेजारी तुळशीऐवजी कसलंसं आयरिश झुडूप. आरती झाली. गणपती पाण्यात गेला, तीनदा, आणि मी बाईंच्या पदराच्या फटीतून पाहिलं, की त्याचा कान विरघळला. कागदाच्या लगद्याने असलं पाहू नये. केदार रिकामा पाट घेऊन आत गेला, तेवढ्यात बाईंनी मला पदराखालून बाहेर काढलं.

कपाळावर अक्षता पडल्या. "पुनरागमनाय च" म्हणाल्या. परत यायला मी मुळात जायला तर हवा होतो ना? ओरडावं तर तोंड रंगवलेलं. पाणी थंड, एवढं थंड, की माझ्या बुडातला गोळासुद्धा शहारला. मी खाली गेलो.

आणि वर आलो.

बाईंनी दाबलं. मी परत वर आलो, तोंड आभाळाकडे, तो एक डोळा थेट त्यांच्यावर. पोकळ पोट आणि जड बूड, दुसरं काय होणार? त्यांनी दोन्ही हातांनी दाबलं. मी निसटून बाजूला उभा राहिलो, वर अक्षता तशाच.

कुंपणावरून शेजारीण ब्रीडा बघत होती. दर गणपतीला बघते. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "युअर मॅन डझन्ट वॉन्ट टू गो, मिसेस."

बाईंनी नातीला विचारलं, "काय म्हनते गं ते?"

रेवाला मराठी सगळं कळतं, फक्त तोंडातून निघत नाही. "आजी, शी सेज ही डझन्ट वॉन्ट टू. लीव्ह हिम, ही'ज ग्रँड." ग्रँड म्हणजे इकडे नुसतं 'ठीक'.

तोवर केदार बाहेर आला. बाही न सारताच बादलीत हात घातला, मला काढलं आणि शर्टाला पुसलं. त्याचा चेहरा बघून बाईंचे हात खाली आले.

"बाप्पा," त्या हळूच म्हणाल्या, "हा काई बुडत नाही रे." आणि मग, "तुही टीम बी नाही बुडत मंग."

मला वाळवायला वरच्या हॉटप्रेसमध्ये ठेवलं. गरम पाण्याच्या टाकीचं अंधारं कपाट, टॉवेलांनी भरलेलं. टाकी रात्रंदिवस गुरगुरायची, आणि मला वाटायचं, आता हीच ती आग. बाहेर आलो तेव्हा बूड एका बाजूने सुरकुतलेलं. तेव्हापासून मी सरळ उभा राहत नाही. डावीकडे कलतो, शेजारच्याचं ऐकत असल्यासारखा.

पण बाई बदलल्या. पहाटे केदारच्या आधी उठायच्या, मला मांडीवर घ्यायच्या, वाटीत भाजलेले शेंगदाणे. गोलकीपरवर त्यांचा विशेष राग. "हा पोट्टा बॉल इकडून येऊन रायला तं तिकडं काय पाहून रायला? लगीन ठरलं का त्याचं?" संघ हरला की माय-लेक दोघे उठून वाकायचे, आणि बाईंच्या कमरेत चमक भरायची.

शेवटच्या सामन्याला शिओमुरा सतरावा होता. बरोबरी झाली तरी वाचणार, हरला तर खाली. आता माझी पंचाईत बघा. हरले तर ओहाशीसान जन्मात त्यांना परत वर बघणार नाही. वाचले तर मला दुसरा डोळा, आणि डोळ्यामागून ती फट् फट्. खरं सांगतो, सामना सुरू होताना मी मनात म्हणत होतो, हरा लेको.

शून्य-शून्य. अगदी शेवटी समोरच्यांना पेनल्टी मिळाली. ढोल थांबले. पूर्ण हंगामात पहिल्यांदा गाणी थांबली. केदारने ओटा धरला. बाईंची बोटं माझ्या पोटात रुतली, तीच बोटं ज्यांनी मला पाण्यात दाबलं होतं, आणि ती आता मला सोडायला तयार नव्हती. तेव्हा मला कळलं, की घाबरणारा मी एकटा नाही. आणि माझ्या कागदी पोटातून आलं, अडव रे बाबा.

त्याने अडवला. लग्न ठरलेल्या त्या पोट्ट्याने पायाने अडवला.

शिट्टी वाजली. केदार खाली फरशीवर बसला आणि रडला. चाळिशीचा माणूस, चेरीवूडच्या ऑफिसात वीस जणांचा साहेब. रेवा जिन्यावरून ओरडली, "डॅड, आर वी सेफ?"

मग त्याने ड्रॉवर उघडला आणि मार्कर काढला.

टोपण निघालं. तो शाईचा वास. ती आगीची भीती सोडली तर माझ्या उभ्या आयुष्यात मला दुसरं काही नको होतं, फक्त पुरं दिसावं. आणि आता ते काळं टोक जवळ जवळ येताना मी बाईंच्या मांडीवर असा डुललो, की त्यांनी मला घट्ट धरलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "डोळा काढल्यावर याचं काय करतेत?"

"ओहाशीसानला पाठवायचा. ते देवळात नेऊन..." केदार अडखळला. "मानाने जाळतात आई."

"जाळतेत? याले?"

"तू तर बुडवायला निघाली होतीस."

"बुडला का पन तो?" बाईंनी त्याच्या हातातून मार्कर घेतला आणि टोपण लावलं. "नोको काढू. वाचले म्हंजे काय झालं? पुढच्या साली परत तेच हाय ना? पुढचं मागनं माग याच्यापाशीच."

"अगं, पण तूच म्हणालीस खंडित..."

"खंडित म्हंजे तुटलेलं. हा तुटला नाही. याचं काम बाकी हाय."

ओहाशीसान फोनवर वाट बघत होता. दोन डोळ्यांचा फोटो हवा होता त्याला. केदारने मोडक्या जपानीत सगळं सांगितलं, बादलीसकट. मी म्हटलं, आता म्हातारा रीत सांगणार, आणि संपलो. मग तो हसायला लागला, खोकला येईपर्यंत. केदारने आईला अर्थ सांगितला, "ते म्हणतात, चालेल. मग माझंही काम बाकी ठेवा."

बाई गेल्या अमरावतीला. जाताना माझ्या गालाला काजळाची तीट लावून गेल्या, डोळ्यापासून चांगली लांब. तेव्हापासून मी इथे कललेला बसतो, एक डोळा दाराकडे. रेवा येता-जाता मला टिचकी मारते आणि मी डुलतो. मार्कर दुसऱ्या ड्रॉवरमध्ये आहे, खडखडला की मला ऐकू येतो.

तुमच्याकडे एकच विनंती. कधी ओंगारला या घरी चहाला आलात, तर खुशाल या, लोणचं मागा, मला टिचकीसुद्धा मारा. पण खिशात पेन असेल, तर तेवढं बाहेर कोटातच राहू द्या. तुमचा हेतू चांगला असेल हो. ज्यांनी ज्यांनी मला हात लावला, त्या सगळ्यांचा चांगलाच होता.